टाच बघून नमस्कार

माझ्या मेव्हण्यासारखा पाया पडायला कंजूस माणूस इंद्रायणीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि त्याच्या धास्तीनं मी जेवढा घाम गाळला तेवढा कंपनीतल्या भट्टीपुढंही गाळला नाही. मी चौथी शिकलेला माणूस, पण लिहितोय ते खरं लिहितोय. दोष सगळा माझ्या सासूबाईंचा. मोशीला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई, पण लेकाला शिकवलं काय, तर "बुवा असू दे न्हाईतर म्हाराज, वाकायच्या आदी टाच बघायची. फुटल्याली असली तर त्यो राबलाय, डोकं ठेव. मऊ असली तर रामराम घाल आन् फुडं हो."

झालं! माझ्याच वशिल्यानं तो पिंपरीत कंपनीला लागला. दसऱ्याला मशिनींची पूजा सांगायला गुरुजी आले. सगळी शिफ्ट ओळीनं पाया पडतेय, आणि हा गडी उकिडवा बसून बैलाचा खूर बघावा तसा गुरुजींचा पाय उचलून बघतोय! "दाजी, निस्तं लोणी हाय," असं मला मोठ्यानं सांगून उठला. फोरमन महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. उलट चाकणच्या बाजारात कांद्याची पोती वाहणाऱ्या एका हमालापुढं असा आडवा पडला, की तो बिचारा पोतं टाकून पळाला.

आणि अशा माणसाला घेऊन माझ्या थोरल्या लेकीची सुपारी फोडायला चाकणला जायचं होतं. मुलीचा मामा, टाळता कसा येणार? मुलाकडचे एका महाराजांचे भक्त. महाराजांनी मान हलवल्याशिवाय त्यांच्या घरात म्हैससुद्धा यायची नाही. एसटीत मी मेव्हण्याला हात जोडले. "बाबा रे, आजच्या दिवस डोळे मिटून वाक."

"बघू," म्हणाला.

मुलाच्या घरी गादीवर महाराज, शेजारी मुलाचा बाप. मी वाकलो. मेव्हण्यानं सावकाश टाच बघितली, रामराम घातला, वळला, आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलाच्या आईच्या भेगाळलेल्या पायांवर डोकं ठेवलं. बाई दचकली, तांब्या हिंदकळला.

"ही कुठली रीत म्हणायची?" मुलाचा बाप कडाडला. महाराजांनी डोळे मिटून घेतले.

आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसलो. मेव्हणा घाबरलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला. "दाजी, पोरीचं मोडलं तर आक्काला काय तोंड दावू? जातो, पडतो पाया. आई काय आता बघायला न्हाई." आणि तो उठलासुद्धा.

तेवढ्यात ती बाईच बाहेर आली, पदरानं तोंड पुसत. "बसा मामा. आत मी सांगितलंया, सून मला आणायचीय. आज पैल्यांदाच बोलले ह्या घरात. आता उठा, ताटं वाढलीत."

जेवायला पुरणपोळी होती. पण मेव्हणा पहिला घास हातात धरून तसाच बसला.

"आता काय झालं रे?" मी विचारलं.

"आई असती तर लय शिव्या दिल्या असत्या, दाजी. वाकायला निघालतो की मी."

मी त्याच्या पोळीवर तूप वाढलं. तो मान खाली घालून जेवत राहिला.