पोफळीतले हिरवे खांब

मनोहरने मला फसवलं नाही. मी मनोहरला फसवलं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही — बायकोपुढेसुद्धा नाही. तिला अजून वाटतं, आपल्या खांबांची वाट मनोहरने लावली.

मनोहर राजापूरचा. लाकडाला औषध भरायची टाकी त्याने कर्ज काढून उभी केली होती. खांब टाकीत घालायचे, झाकण आवळायचं आणि दाबाने तांब्याचं औषध आत भरायचं. बाहेर येताना खांब हिरवट होऊन येत. मालगुंडला माझ्या पोफळीच्या बागेत मी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तेव्हा पडवीला त्याच्याकडचे सुरूचे खांब घेतले.

भाव मी पाडला. डोक्यावरून लाकडं वाहून वर आलेला माणूस मी — समोरचा रडकुंडीला आल्याशिवाय हो म्हणत नाही. मनोहर म्हणाला, "अण्णा, ह्यात माझा चहा पण सुटत नाय." मी म्हटलं, "मग चहा सोड." दोघेही हसलो. माल दिला त्याने.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर खांब जमिनीलगत कुजून गेले. नख लावलं तर भुगा, आणि भेगांतून कापसासारखी पांढरी बुरशी. आता सांगा, पोफळीवाल्याला हे पटेल? आम्ही दर वर्षी सुपारीच्या घडांवर मोरचूद-चुन्याचं पाणी मारतो, ते बुरशी येऊ नये म्हणूनच ना? मोरचूद म्हणजे तांबंच. मग तांबं भरलेल्या लाकडावर बुरशी चढेलच कशी? म्हणजे औषध भरलेलंच नाही.

पण खरं सांगू? माझा संशय मोरचुदाच्याही आधीचा होता. मी भाव इतका पाडला होता, की त्याच्या जागी मी असतो तर औषधात पैसे मारले असते. म्हणून त्यानेही मारलेच असणार — असं मी धरून चाललो.

मनोहरने वाद घातला नाही. पदरमोड करून नवे खांब आणले, औषध आणखी कडक भरून. त्याच खड्ड्यांत उभे केले. तेही गेले, तसेच.

मग मी राजापूरला गेलो. भर बाजारात ओरडलो, "औषध नाय भरत हा, हिरवा रंग फासतो!" तो म्हणाला, "अण्णा, हळू बोला हो. गिऱ्हाईक उभं हाय." मी आवाज आणखी चढवला. खांबांचे तुकडे तपासायला देतो, तुझं पितळ उघडं पाडतो, असं सांगून आलो.

तुकडे दिले शेजारच्या प्राजक्ताकडे. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. काही दिवसांनी ती पडवीत येऊन बसली.

"काका, तांबं भरपूर आहे हो. त्यांनी काही चोरलेलं नाही."

"मग ही बुरशी काय माझ्या नशिबाने आली?"

"तुमच्या मातीतून आली. अळूने घसा खाजतो ना, त्यात असतं तसलं आम्ल ही सोडते. ते तांब्याला बांधून टाकतं. तांबं लाकडातच राहतं, पण हिला बाधत नाही. मग ही निवांत जेवते." थोड्याच जातींना हे जमतं, म्हणाली. त्यांतली एक माझ्या बागेत. "अशा जागी नुसतं तांबं पुरत नाही. मनोहरकाकांना सांगा हां, त्यांनाही कळायला हवं."

"सांगतो," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी त्या भुग्याकडे बघत बसलो. जन्मात मला असा कुणी भेटला नव्हता, ज्याच्याशी घासाघीस चालत नाही, ज्याला शिवी लागत नाही. राग काढायचा कुणावर?

दोन दिवसांनी मनोहरचाच फोन आला. टाकीचा दाब तपासला, म्हणाला. औषध पुन्हा मोजलं, एक खांब कापून आत बघितलं. "अण्णा, तुकड्यांचं काय कळलं का? माझंच खय काय चुकतंय तां बघतंय. झोप नाय ओ." — तो स्वतःवरच संशय घेत होता, समजलं ना तुम्हाला? माझ्या ओठांवर उत्तर होतं. एका वाक्याचं.

मी म्हटलं, "काय कळायचं? रंग तो रंगच."

तो "बरं" म्हणाला. फोन ठेवला.

का बोललो तसं? शोधलं तर कारण सापडेल. शोधत नाही.

त्याची टाकी आधीच अर्धी रिकामी असायची, माझं बाजारातलं बोलणं पसरलं आणि ती बंदच पडली. भंगारात गेली. तो आता मुंबईला बहिणीकडे राहतो, कुठल्याशा इमारतीच्या गेटवर बसतो. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. लावत नाही. प्राजक्ताने एकदा विचारलं, सांगितलंत ना? मी हो म्हणून मान हलवली.

आता इकडे कुठे रंग उडाला, कडी निखळली, की लोक म्हणतात, "मनोहरचा माल दिसतो." गेल्या आठवड्यात सुतार म्हणाला — माझ्याच घरात, दार बसवताना. बायको हसली. मीही हसलो.

एका माणसाच्या नावाचं हे झालं. याचा जबाब कुणीतरी द्यायलाच हवा. मातीतल्या बुरशीला जाब कोण विचारणार? मला विचारा. माझ्या दारात येऊन विचारा.