पासपोर्टाची पक्की बांधणी

गल्लीच्या टोकाला पुस्तके बांधणाऱ्या एका गृहस्थांचे दुकान होते. त्यांना सर्व लोक बाइंडरकाका म्हणत. चाळीस वर्षांत हजारो पुस्तके त्यांच्या हातांखालून गेली; परंतु त्यांतील एकही त्यांनी वाचलेले नव्हते, कारण त्यांना अक्षरओळख नव्हती. आकडे मात्र येत. पानांचे आकडे पाहून ते फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, क्रमाने लावीत. दुकानात कोणी काही वाचावयास दिले, तर चष्मा घरी राहिला असे सांगत. घरी कोणी दिले, तर चष्मा दुकानात राहिलेला असे. आपण ताकास तूर लागू दिली नाही, असे त्यांना वाटत असे.

त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन परदेशी गेली होती. तिला पाचवा महिना लागला, तेव्हा आईने बाळंतपणासाठी तिकडे यावे असे ठरले. व्हिसासाठी काय काय लागते, याची यादी जावयाने सुवाच्य अक्षरांत लिहून, सर्व कागदांसह दुकानाच्या पत्त्यावर पाठविली. काकांनी यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरविले आणि ती घडी करून खिशात ठेवली. रात्री जावयाने फोनवर विचारले, तेव्हा ते म्हणाले, की वाचली, सगळे बरोबर आहे.

त्या यादीतील पहिलीच ओळ अशी होती, की पासपोर्ट फाटका किंवा सुटा झालेला असेल तर आधी नवा करून घ्यावा, अजून वेळ आहे.

काकूंचा पासपोर्ट पेटीत दमट जागी राहून खिळखिळा झाला होता. पुठ्ठा निघाला होता आणि मधली पाने लोंबत होती. असे पुस्तक घेऊन बायको चार लोकांसमोर उभी राहणार, ही गोष्ट काकांच्या जिवाला लागली. त्यांनी जुनी शिवण उसवली, रेशमी दोऱ्याने नवी घातली, पाठीला कापड लावले, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस निळ्या कागदाचे अस्तर खळीने चिकटविले. दोन दिवस ते वजनाखाली दाबून ठेवले. काकूंनी ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "माझ्या फोटोला इतकं चांगलं घर मिळालं. मला कधी मिळायचं?"

सर्व कागद गोळा होऊन तारीख मिळेपर्यंत मुलीचा आठवा महिना सरत आला. व्हिसाच्या कचेरीत काकू भिंतीकडच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि काका खिडकीपाशी गेले. आतील बाईंनी पासपोर्टाच्या पाठीवरून अंगठा फिरविला. हे कोणी बांधले, असे त्यांनी विचारले. आपल्या कामाची पारख झाली असे समजून काकांनी छाती पुढे काढून सांगितले, "मीच."

बाईंनी वरिष्ठांना बोलाविले. त्यांनी शिवण पाहिली आणि हळू आवाजात म्हणाले, "काम फार सुंदर आहे, काका. म्हणूनच अडचण आहे. एकदा शिवण उसवली, की पानं बदलली नाहीत हे आम्ही कशावरून मानायचं?" आधी नवा पासपोर्ट करावा लागेल, त्याला निदान सहा आठवडे लागतील, मग व्हिसाचे पाहू, असे ते म्हणाले. शेवटी त्यांनी आतल्या निळ्या अस्तरावर बोट ठेवले. पासपोर्टात कोणताही फेरफार करू नये, ही सूचना बरोबर तेथेच छापलेली असते, असे त्यांनी सांगितले. मुलीचे दिवस भरावयास पाच आठवडे उरले होते. नव्या पासपोर्टाच्या अर्जाचा कागद घेताना काकांना आपल्याच बोटांची लाज वाटली. हात दाखवून अवलक्षण, ते हेच.

बाकापर्यंत वीस पावले होती. तेवढ्यात त्यांच्या जिभेने वाट बदलली. काकूंना त्यांनी सांगितले, की जावईबापूंनी एक कागद कमी पाठविला.

काकूंनी त्याच संध्याकाळी जावयाला फोनवर फैलावर घेतले. मुलगी नवऱ्यावर रागावून रडली. जावयाने उलट शब्द काढला नाही. तो रजा टाकून पुन्हा कचेऱ्यांतून फिरला आणि सगळ्या कागदांवर नव्याने शिक्के घेऊन त्याने ते पाठविले. नव्या अर्जाचा कागद मात्र आठ दिवस काकांच्या खिशातच राहिला. त्यांना घास गोड लागेना. दुकानात त्यांनी एका ग्रंथाचे फर्मे उलटे शिवले, असे चाळीस वर्षांत घडले नव्हते.

नवे कागद आले तेव्हा काकू म्हणाल्या, की आता उद्याच जाऊ. मग काकांनी खिशातील कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. काकूंनी तो वाचला. पेन घेऊन नाव आणि पत्ता भरला. एका रकान्यापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी मोठ्याने वाचले, "पासपोर्ट खराब होण्याचे कारण."

 काका म्हणाले, "लिही. नवऱ्याने उसवून शिवला."

काकूंचे पेन हलले नाही. "आणि जावयाचा कागद?"

"सगळे होते. यादीत लिहिलंही असेल. मी वाचली नाही. मला..."

"चाळीस वर्षं तुमचा चष्मा चुकीच्याच जागी राहतो, हे मला कळत नव्हतं का?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, यादी तरी शेजारच्या दुकानातून वाचून घेतली असेल. मीच मागून घ्यायला हवी होती." त्यांनी ते वाक्य रकान्यात लिहिले आणि फोन त्यांच्यापुढे सरकविला. "आता हे मी सांगणार नाही."

काकांनी जावयाला सगळे सांगितले, वाचता येत नाही हेही सांगितले.  मग जावई म्हणाला, "बाबा, आठ दिवस मी कोणता कागद राहिला तोच शोधतोय." तो रागाने बोलला नाही. रागावला असता तर काकांना सोपे गेले असते.

मुलगी बाळंत झाली तेव्हा तिच्याजवळ आई नव्हती. दोन रात्री कळा सोसताना तिने आईलाच हाका मारल्या, असे जावयाने नंतर सांगितले. काकू पोहोचल्या तेव्हा नात दीड महिन्याची झाली होती.

रद्द झालेला जुना पासपोर्ट कोपरा कापून परत मिळाला होता. काकू गेल्यावर काका संध्याकाळच्या प्रौढवर्गात जाऊ लागले. तेथील बाईंनी एकदा घरातील काहीतरी वाचावयास आणण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी तो पासपोर्ट नेला. निळे अस्तर ओल्या फडक्याने भिजवून त्यांनी हलकेच उचलले. परंतु खळ पक्की होती. त्याखालच्या सूचनेची अर्धी अक्षरे अस्तराबरोबर निघून आली आणि पुठ्ठ्यावर अर्धीच राहिली.

काकांनी उरलेल्या अक्षरांवर बोट ठेवले आणि वर्गासमोर, जेवढी होती तेवढी, एकेक करून वाचली.