मिरचीला पाजलेला काढा

कान इकडे कर गं भाचे, रागावणार आहे थोडी. पाचोऱ्याहून धुळं काही परदेश नाही, पण सहा महिन्यांत फिरकली नाहीस. रोज सकाळी मोबाइलवर मात्र धाडतेस, "मावशी, अमुक पाला उकळून घे." उकळण्यानं यंदा माझं काय झालं, ऐक.

माझ्या आईच्या मिरचीचं बी बाजारात मिळत नाही. दरवर्षी लावायचं, बी धरायचं. एक वर्ष चुकलं की संपलं. इथं धुळ्यात आमच्या देवपूरच्या परसात चाळीस रोपं होती. त्यातली काही आकसली, पानांवर पिवळे डाग पडले. वरच्या खोलीत कृषी कॉलेजची मुलगी भाड्यानं राहते. ती म्हणाली, "आजी, हा विषाणू. बोगनवेलीच्या पानांत एक प्रथिन असतं, त्यानं झाड विषाणूशी लढायला तयार होतं. रस फवारा." आणि निघून गेली परीक्षेला.

आता पाला म्हटला की आपण काय करतो? उकळतो! कुंपणावरची बोगनवेल मी पातेल्यात निम्मी होईतो आटवली, वर सुंठही टाकली, आणि गार करून फक्त आजारी रोपांवर शिंपडली. धडधाकटाला औषध कोण पाजतं? तुझे काका झोपाळ्यावरून म्हणाले, "सर्दीत मला देतेस तोच काढा ना? मग मिरची गेलीच समज."

आठ दिवसांत निम्म्याहून जास्त वाफा आकसला. मुलगी आली, पातेलं बघून तिनं कपाळाला हात लावला.

"आजी, उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होतं का? प्रथिन शिजवलंत तुम्ही! पानं थंड पाण्यात वाटायची. आणि रस निरोगी रोपांना द्यायचा, रोग यायच्या आधी. लागलेलं झाड त्यानं बरं होत नाही."

काका लगेच अहिराणीवर आले, "हाई बठ्ठं तुनंच शहाणपण शे!" सगळं खापर माझ्याच शहाणपणावर.

आजारी रोपं मी माझ्या हातानं उपटून जाळली. त्या दिवशी जेवण गेलं नाही. पंधरा उरली, त्यांच्यावर दर आठवड्याला ताजा वाटलेला, गाळलेला रस फवारला. दोन तरी गेलीच. मुलगी म्हणते, हमी कुणी देत नाही. तेरा रोपांना मिरच्या लागल्या. काका आता गल्लीभर सांगतात, "आमच्याकडे संशोधन चालतं." सुंठीची गोष्ट तेवढी गाळतात.

बी मूठभरच निघालंय. एकाच परसात सगळं ठेवायचा धीर आता होत नाही, म्हणून निम्मं तुझ्या दारात लावायचंय. वाफा कसा करायचा ते समोर बसूनच सांगेन. रोपं टाकायचे दिवस जवळ आलेत, या रविवारीच ये बाई.