पावडर लावलेल्या वायरी

अरे पावडर,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे लिहून तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवणार आहे. वाच तरी.

तुझं खरं नाव मला फार उशिरा कळलं. घराचं काम काढलं तेव्हा कंत्राटदार म्हणाला होता, "वायरिंगला आमचा पावडर येईल." मला वाटलं, गडी नटवा असणार. तर तू पिशवीतून टाल्कमचा डबा काढलास. भिंतीतल्या पाइपात घालण्याआधी प्रत्येक वायरीला पावडर चोळायचास. "मावशी, पोर आणि वायर सारखीच. पावडर लावली की न रडता आत जाते." वर म्हणालास, "डबा लेकीचा आहे. बायको म्हणते, पोरगी तशीच काळी आणि बाप गोरा होतोय!"

वायरिंग पुरं झालं आणि सोमवारी सकाळी घराचं दार उघडलं, तर स्विचबोर्डांच्या जागी नुसती भोकं. स्वयंपाकघरातली तांब्याची नळीसुद्धा कापून नेलेली. मागच्या बाल्कनीला दार अजून बसायचं होतं, चोर तिथूनच आले. भिंतीला ओरखडा नाही. तुझ्या गुळगुळीत वायरी त्यांनी अलगद ओढून काढल्या होत्या आणि प्रत्येक भोकाखाली पांढरी पावडर सांडली होती.

"ज्यानं घातल्या, त्यालाच इतक्या सफाईनं काढता येतात," कंत्राटदार म्हणाला.

"बाल्कनीचं दार तू लावलं नाहीस आणि चोर हा?"

"काकू, तुम्ही भोळ्या आहात."

आयुष्यात मला कोणी भोळी म्हटलं नव्हतं.

पोलिसांनी तुला दिवसभर बसवून ठेवलं. मी तिथे जाऊन तावातावानं बोलले, तर साहेब म्हणाले, "आजी, चहा घ्या." संध्याकाळी तुला सोडलं, पण तू सुटलास असं कोणाला वाटलंच नाही. आपण भंगारवाल्याकडे गेलो. त्यानं जाळून सोललेल्या तांब्याचा ढीग पुढे केला. "घ्या, ओळखा तुमचं." त्यात काय ओळखणार कपाळ!

मग तुझी कामं बंद झाली. तुझ्या सासऱ्यांनी लेक आणि नात आपल्या घरी नेली. चोराच्या घरी लेक नांदायला ठेवणार नाही म्हणाले. तू माझ्या दारात उभा. "मावशी, तुम्ही शिकलेल्या. माल तुमचा गेलाय. तुम्हीच म्हणालात की यानं नाही घेतला, तर ते ऐकतील. चला ना एकदा."

"आत्ता चल."

"रविवारी. सासरे घरी असतात."

रविवारी मी चप्पल घालून जिन्यात उभी होते, तेवढ्यात तुझा फोन. "राहू द्या, मावशी. बायको म्हणते, कोणाला घेऊन येऊ नका. वकील आणल्यासारखं दिसतं."

"मग एकटा तरी जा, मेल्या!"

"बघतो."

काय बघितलंस? लेकीला तरी भेटलास का? मी अजून यायला तयार आहे, तुझ्याबरोबर नाहीतर एकटी. पण सासऱ्यांचं घर कुठे आहे, हे तू मला सांगितलंच नाहीस.