आमच्या भाचीचा सत्कार

माझी भाची, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, शाळेपासून माझ्याकडं नांदेडला राहिली. भावाचं गाव रेणापूरजवळ, तिथं बास्केटबॉल कुठला? इथं माझ्या घरामागं मैदान होतं आणि मला लेकरूबाळ नव्हतं. त्यामुळं पोरगी माझीच झाली म्हणा ना. सकाळी अंधारातच उठायची. मी दशम्या बांधून द्यायचे, ती सायकलवर टांग टाकून गायब. वाढायचीही भराभरा. दर वर्षी सलवार आखूड. शेजारीण म्हणायची, "हिला नवरा कुठून आणता आता?" पोरगीच उत्तर द्यायची, "काकू, येताना शिडी घेऊन ये म्हणावं त्याला."

मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पण बघून बघून डोळा बसला. ती बॉल घेऊन पळायची, दोन पावलं टाकायची आणि उडी घेऊन बॉल असा ठेवून यायची, जसा आपण फडताळात डबा ठेवतो. त्यात धसमुसळेपणा कसला तो नव्हता. राज्याकडून खेळली, मग देशाच्या शिबिराला जाऊन आली. आणि एक दिवस दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबानं तिला पगारावर खेळायला बोलावलं. नुसतं खेळायचं आणि त्याचा पगार! माझा भाऊ फोनवर रडला. म्हणाला, "अक्का, खेळून पोट भरतं व्हय गं बाईमाणसाचं?" मी म्हटलं, "भरतंय बघ, तुझ्याच लेकीचं."

पुढच्या सोमवारी तिला तिकडं हजर व्हायचं होतं. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी फौजदार झालं, कुणी डॉक्टर झालं, की गाव सत्कार केल्याशिवाय सोडत नाही. शाल, श्रीफळ, फेटा, जीपवरून मिरवणूक. पोरगी म्हणत होती, "आत्या, आल्यावर करू की." पण भावाच्या गावाचा उत्साह कोण आवरणार? वर्गणी निघाली, मंडप पडला. आयाबायांनी पहाटेच शाळेचं पटांगण झाडलं, सडा टाकला आणि रांगोळ्या काढल्या. काय रांगोळ्या होत्या! मोर काढले, कमळं काढली, मधोमध बॉल काढून त्यात केशरी रंग भरला. मी त्या बायांची दृष्ट काढावी म्हणत होते.

वहिनीनं लेकीला काठापदराचं लुगडं नेसवलं, डोक्यावर फेटा बांधला. एवढी उंच पोरगी, देवळातल्या मूर्तीसारखी दिसत होती. भाषणं झाली. मग सरपंच माईकवर म्हणाले, "आता आमची लेक एक गोल करून दाखवील!"

भावानं शाळेच्या खांबाला लोखंडी रिंग मारून ठेवली होती, पोरगी लहानपणी सुट्टीला यायची तेव्हाची. ती हळूच म्हणाली, "काका, बूट न्हाईत माझे. लुगड्यावर कसं?"

"अगं एकच मार माय. पोरीबाळी बघायला आल्यात."

खरंच, पुढं सगळ्या शाळेतल्या पोरी मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघून तिनं पदर खोचला, निऱ्या वर केल्या. दोन पावलं टाकली. उडी घेतली. बॉल आत गेला आणि सगळं पटांगण टाळ्या वाजवायला लागलं. डीजेवाल्यानं गाणं लावलं. ती खाली निसरड्या रांगोळीवर बसली होती, गुडघा धरून. हसली असं वाटलं मला लांबून. हसत नव्हती. टाळ्या तरी किती वेळ वाजून राहिल्या होत्या.

लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली दोरी तुटली, ऑपरेशन करावं लागेल. क्लबाचा माणूस फोनवर चांगलं बोलला. बरी हो, मग बघू म्हणाला. दोष तरी कुणाला द्यावा? सगळ्यांनी मायेनंच केलं होतं. सरपंच दवाखान्यात आले आणि पायापाशी उभेच राहिले.

वर्षभर ती माझ्या ओसरीवर पायाला वाळूची पिशवी बांधून व्यायाम करायची. पाय बरा झाला. क्लबाच्या चाचणीला गेली, परत आली. मी काही विचारलं नाही. जेवताना तीच म्हणाली, "उडी घेते आत्या. पण खाली यायचं भ्या वाटतंय." भाकरीचा तुकडा हातातच राहिला तिच्या. क्लबानं दुसरी घेतली तोवर.

आता ती लातूरला एका शाळेत खेळाची बाई आहे. पोरी तिला जीव लावतात. मी मधून मधून जाते. मागच्या वेळी गेले तर संध्याकाळी खाटेवर बसून मोबाईलवर मॅच बघत होती, त्याच क्लबाची. आवाज बंद केलेला. मी चष्मा घालून तिच्याजवळ सरकले.

"यात तू कुठं उभी राहिली असतीस गं?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हितं."

बोट काढलं तेव्हा तिथं एक सावळी पोरगी होती, घामानं भिजलेली, हिच्यापेक्षा बुटकीच.

"बरी खेळते का ती?"

तिनं मोबाईल माझ्याकडं जरा कलता केला. मग म्हणाली, "लई चांगली खेळते, आत्या."