टोचलेल्याचा ऊस आधी

आप्पांनी लस टोचून घ्यावी म्हणून मी कारखान्याच्या नावावर एक थाप मारली, ही माझी चूक. ते दूध घालायला डेअरीवर जायच्या आधी ती मारली, ही त्याहून मोठी चूक.

आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार होऊन परतले, ते मिशा आणि दमा घेऊन. मिशा आता पांढऱ्या झाल्यात, दमा मात्र अजून तरणाबांड आहे. माडीवर चढले की छातीतून पेटी वाजल्यासारखे सूर निघतात. कोरोनाच्या लशीला परवानगी मिळाली, साठीच्या पुढच्यांना ती टोचायला सुरुवात झाली, तेव्हापासून मी साताऱ्याहून (नोकरी तिथं आहे) रोज फोन करत होतो.

"आप्पा, घेतली का लस?"

"बघू."

मागच्या साली शेजारच्या तात्यांना कोरोना झाला, तेव्हा त्यांना सांगलीच्या दवाखान्यात नेताना गाडीत मीच होतो. तात्या सुखरूप परत आले. पण त्यांच्या तोंडावरची ती ऑक्सिजनची नळी पाहिल्यापासून, आप्पांनी नुसता घसा खाकरला तरी मला ती गाडी आठवायची. 'बघू' ऐकून ऐकून शेवटी मी रजा टाकली आणि गाव गाठलं.

गावात वेगळीच तऱ्हा. आरोग्य केंद्रात सिस्टर लशीच्या पेटीशेजारी जांभया देत बसलेल्या. कारण वरच्या आळीतला एक म्हातारा लस टोचून आला आणि तिसऱ्या दिवशी खपला, अशी पक्की खबर होती. (म्हातारा शिराळ्याला लेकीकडं राहायला गेला होता आणि दोन्ही वेळ चापून जेवत होता. पण तो दिसत नाही, एवढा पुरावा गावाला पुरला.)

"तुमाला भ्या वाटतंय का, आप्पा?" मी विचारलं.

"भ्या? मला? बर्फात उभा ऱ्हायलोय मी."

"मग घ्या की."

"बघू म्हनलं न्हवं."

मार्च संपत आला होता आणि आमचा ऊस अजून रानात उभा होता. कारखान्याचं धुराडं कधीही बंद होईल, तोडणीच्या टोळ्या कधीही बिऱ्हाड आवरतील, उसाला तुरे येऊन तो वाऱ्यावर डुलतोय, अशा दिवसांत ऊसवाल्याला काहीही सांगा, तो ऐकतो. हे मला सकाळी चहा पिताना सुचलं. मला जे चहा पिताना सुचतं ते सहसा करू नये, हे बायको लग्नापासून सांगत आलीय. पण ती साताऱ्यात होती.

"आप्पा, कारखान्यानं ठरवलंय म्हणं. ज्यानं टोचून घेतलीय, त्याचाच ऊस आधी तोडायचा."

आप्पा बशीत चहा ओतत होते, ते थांबले.

"कोन म्हनलं?"

"साताऱ्यात कळलं. आतल्या गोटातनं. कुनाला बोलू नका."

आप्पांनी बशी संपवली, किटली उचलली आणि ते डेअरीकडं निघून गेले.

आमच्या डेअरीत बातमी सकाळच्या दुधाला गाभण राहते आणि संध्याकाळच्या दुधाला शिंगं फुटलेलं वासरू घेऊन घरी येते. दुपारी मी पानपट्टीवर गेलो, तर डेअरीत माप घेणारा आमचा चुलतभाऊ बाळू मला बाजूला ओढून म्हणाला, "दादा, तू घरचा म्हनून सांगतो. ज्यानं टोचून घेतली त्याचाच ऊस तुटनार. न्हाई घेतली, तर पुढच्या साली उसाची नोंदच न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"साताऱ्याच्या एका लय मोठ्या सायबानं. आप्पांस्नी ठावं हाय."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं की कारखान्यानं खरंच तसं ठरवलं असावं. नोंद बंद करण्याचं तर मी बोललोच नव्हतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रापासून मारुतीच्या देवळापर्यंत रांग. ज्यांचा ऊस दिवाळीतच तुटला होता ते आलेले, शेजारच्या गावचे आलेले, आणि ज्यांच्या नावावर उसाची एक सरीसुद्धा नाही तेही आले होते. मी घरात येरझाऱ्या घालत होतो आणि आप्पा मिशांना तेल लावत होते.

"आप्पा, लस संपंल."

"संपू दे. कडक इस्त्रीची पँट कुटं हाय?"

कसेबसे पोचलो, तर आप्पा रांगेत न लागता लिंबाखालच्या पारावर जाऊन बसले. आतून टोचून आलेल्या प्रत्येकाला त्यांनी पुढ्यात उभं करायला सुरुवात केली.

"काय रं, गरगरतंय का?"

"न्हाई, आप्पा."

"हात वर कर. खाली घे. जा."

सिस्टर दारात येऊन ओरडल्या, "आता थोडेच डोस राहिलेत हां!" मी आप्पांचा हात धरून ओढला, तर म्हणाले, "त्या म्हातारीला जाऊ दे आधी." मग एका लंगड्याला जाऊ दिलं. मग एका साठीतल्या धडधाकट पैलवानालाही. मला भरून आलं. म्हटलं, बघा, फौजी माणूस. आधी दुसऱ्याचा विचार. शेवटची बाटली फोडली तेव्हा कुठं आप्पा उठले आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. बाही वर. सिस्टरनी सुई काढली.

आणि नेमका त्याच वेळी बाहेर मोटारसायकलवरून कारखान्याचा चिटबॉय आला. ऊसतोडीची चिठ्ठी देणारा माणूस म्हणजे चिटबॉय. (वय छप्पन्न, दोन नातवंडं, पण कारखान्यात तो बॉयच.) लोकांनी त्याला गराडा घातला. जो तो सदरा खाली ओढून दंड दाखवू लागला.

"टोचून घेतलीया. फाड चिठ्ठी."

"कसली चिठ्ठी?"

"कारखान्यानं ठरीवलंय..."

"कारखान्यानं?" चिटबॉयचा आवाज खिडकीतून थेट आत आला. "कोन उंडगं म्हनलं तुमाला?"

आप्पांची मान खिडकीकडं वळली. आता हे उठणार, बाही खाली करणार आणि पुढच्या वेळी सांगलीच्या रस्त्यावर मी पुन्हा त्या गाडीत बसलेला असणार. मला काही सुचेना. बाहेरचा आवाज दाबायचा म्हणून मी जोरजोरात खोकू लागलो.

आरोग्य केंद्रात. त्या साली.

सगळी खोली भिंतीला चिकटली. सिस्टर हातातली सुई छताकडं धरून किंचाळल्या, "किती दिवसांपासून आहे खोकला? बाहेर व्हा! मास्क वर घ्या!" आणि दोन माणसांनी मला लांब काठीनं, गुरं हाकावीत तसं, बाहेर काढलं. दार बंद. आत काय झालं, सुई टोचली की आप्पा उठले, काही कळायला मार्ग नाही.

बाहेर चौकशी सुरू झालेली. "बाळ्या, तुला कोन म्हनलं?" "आप्पा." "आन् आप्पांस्नी?" "साताऱ्याचा सायेब." मग एकजण सावकाश म्हणाला, "आप्पांच्यात साताऱ्यासनं आलंय कोन?"

सगळं गाव माझ्याकडं वळलं. बाह्या सरसावल्या (एकेक बाही आधीच सरसावलेली होती). पण मी नुकताच खोकलो असल्यामुळं पुढं यायची कुणाची छाती होईना. मला माझ्याच गावानं सहा फुटांवरून शिव्या घातल्या. कुणी जरा पुढं सरकलं की मी थोडं खोकायचो.

तेवढ्यात दार उघडलं. आप्पा दंडावर कापूस दाबत बाहेर आले. मी सुटलो, म्हणजे छातीवरचा दगड तेवढा सुटला. गाव जागेवरच होतं.

"आप्पा," बाळू म्हणाला, "तुमच्या पोरानं थाप मारलीया. तुमाला ठावं हुतं का?"

"हुतं की. धाव्वीला नापास झाला तवा निकाल लागलाच न्हाई म्हनत हुता. त्याच्या थापा मी वळखतो."

"मग डेअरीत कशापायी सांगितलीसा?"

आप्पांनी कापूस काढून बघितला, पुन्हा दाबला. "मला भ्या वाटत हुतं. म्हनलं, आधी समदं गाव टोचून घिऊन चालतंय-बोलतंय का बघावं, मग बसावं खुर्चीवर."

मी पुढं होऊन म्हणालो, "म्हणजे माझी थाप उपयोगी पडली की, आप्पा."

"तुझी?" आप्पा म्हणाले. "साताऱ्याचा सायेब म्हनलो म्हनून गाव आलं. तुझं नाव सांगितलं असतं, तर कुत्रं बी फिरकलं नसतं."