मैनावैनीचा उकिरडा

घरातलं काही बाहेर फेकाचं म्हटलं का आमच्या मैनावैनीच्या पोटात दुखे. भांडे धुतल्याचं पानी वांग्याले, न्हानीचं पानी केळीले, चुलीची राख दोडक्याच्या पानावर. फुटका माठ दिसला का त्यात सांभार, म्हनजे कोथिंबीर, पेरून मोकळी. फाटक्या लुगड्याच्या चिंध्या वालाचे येल बांधाले. मी तिचा दीर, मले चिडवल्याबिगर राहवते काय? "वैनी, एक दिवस तू मलेबी झाडाच्या बुडाशी टाकशीन," मी म्हनो. ती म्हने, "टाकलं असतं भाऊजी, पन तुमच्यानं काही पिकाचं नाई." घ्या! अशी आमची वैनी.

उरलंसुरलं सारं जाये ते उकिरड्यावर. घरामागं कुंपनातली आमची भाजीपाल्याची सांदवाडी, तिच्या कोपऱ्यात तो होता. शेन, पालापाचोळा, भाजीचे देठ, अन् शेजारच्या कुलसुमबीच्या घरचा कचरा. तिचा घरवाला उस्मान पिंजारी होता, कापूस पिंजून त्याच्या घरी रोज टोपलंभर धूळ निघे. कुलसुमबी टोपलं इकडे पाठवे, वैनी वांगे तिकडे पाठवे. वैनी पदर खोचून उकिरडा खालीवर करे, वर माती पसरे, पानी शिंपडे. एवढे लाड तिनं आपल्या लेकाचे केले नसतीन. वलगावात तसा उकिरडा दुसरा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

अन् मंग आला कापसाचा पैसा. कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई लागली, विलायतेच्या गिरन्याइले कापूस मिळेना, अन् वऱ्हाडच्या कापसाचा भाव असा चढला का लोकं येडे झाले. ज्वारीच्या जागी कापूस, तुरीच्या जागी कापूस, दारापुढे कापूस! आमचा दादा, म्हनजे वैनीचा नवरा खुशालराव, अमरावतीच्या बाजारात कापूस घालून आला. तिथं शेठ लोकाइचे चुना मारलेले घरं पाहून आला. तवापासून त्याले आपल्या घराची लाज वाटाले लागली. बैलाच्या शिंगाइले त्यानं चांदी मढवली, अन् वैनीच्या उकिरड्याले घान म्हनाले लागला. बापा, काय ते त्याचं नाक!

संक्रांत झाली अन् अकोटाकडून निरोप आला. तिथले भगवंतराव आपल्या नातीसाठी घर पाहाले येनार होते. दादाचा लेक गोवर्धन लग्नाचा झाला होता, अन् त्याइचं घरानं मोठं नावाजलेलं. दादानं त्याच दिवशी सांगून टाकलं, "पाहुने याच्या आधी उकिरडा गेला पाह्यजे. अन् येत्या मिरगाले सांदवाडीतबी कापूस पेरतो."

"अन् भाजी?" वैनीनं विचारलं.

"बाजारातून आनू. पैसा काय कमी आहे?"

वैनी त्या दिवशी जेवली नाई. वांग्याच्या वाफ्यात बसून राहिली. मी जवळ गेलो त म्हने, "सांदवाडी गेली त मी या घरात करू काय, भाऊजी? चांदी शिजवू?" मले दादाचा असा राग आला का सांगता सोय नाई. पन मोठा भाऊ, बोलावं कसं?

दादानं मले बैलबंडी जुंपाले लावली. "नाल्यात टाकून ये," म्हने. बंडी भरून झाली अन् वैनी हळूच आली. "नाल्यात नोका टाकू भाऊजी. कुलसुमबीच्या आंगनात टाका." मी कुलसुमबीले विचारलं त ती हसाले लागली. "लाओ ना भाऊ! आधा कचरा तो मेराच है उसमें!" मंग काय, साऱ्या खेपा तिच्या आंगनात. दादाले वाटलं नाल्यात गेला.

भगवंतराव आले. म्हातारा मानूस, हातात काठी, बोलनं तुटक. दादानं नवी सतरंजी टाकली होती, तिच्यावर तो टेकलाबी नाई. बैलाच्या चांदीकडे पाहून नुसता हुं म्हनला अन् सरळ सांदवाडीत गेला. चहूकडे पाहिलं.

"उकिरडा कुठी आहे जी?"

दादा फुलून म्हने, "उचलला! आमच्या घरी घान राहात नाई."

म्हातारा जाग्यावरच थांबला. "बैल मागून आनता येते, चांदी मागून आनता येते. उकिरडा कोनी मागून आनत नाई. घरी ढोरं किती, खानारे किती, घरची बाई हाताची कशी, सारं त्याच्यावरच समजते. इथं त मले काहीच दिसून नाई राहिलं." अन् तो वापस निघाला!

दादाचं तोंड राखेवानी पांढरं. तेवढ्यात कुंपनावरून कुलसुमबी ओरडली, "अजी बाबा, जाते काहेकू? उकिरडा इधरीच है, मैनाबाई का!"

म्हातारा तिच्या आंगनात गेला. काठीनं ढीग उकरला. आतून काळंशार, भुसभुशीत खत निघालं. त्यानं मूठभर हातात घेतलं, चोळलं, वास घेतला, अन् त्याचा चेहराच खुलला. "ज्या बाईचा हा हात आहे तिच्या घरी पोरगी सुखात राहीन," तो म्हने. "सोयरीक पक्की समजा."

दादानं हात जोडले. मी मनात म्हटलं, सुटलो. अन् कुंपनाआडून वैनीचा आवाज आला.

"बाबाजी, पक्की म्हनाच्या आधी ऐका. येत्या मिरगाले या सांदवाडीत कापूस पेरनार आहे. उकिरडा घरी वापस येनार नाई. तुमी तो पाहून पोरगी देऊन राहिले, ते तुमाले फसवल्यावानी होईन. माह्या लेकाची सोयरीक मोडली त मोडू द्या."

बापा रे! एकुलता एक लेक. चालून आलेली सोयरीक, अन् ही बाई आपल्या हातानं मोडाले निघाली!

"कोन म्हनते कापूस पेरतो?" दादा घाईघाईनं म्हने. "नाई पेरत! आत्ताच सांगतो, नाई पेरत."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "खुशालराव, माही नात मी तुमाले नाई देत. या बाईले देतो. तिची जागा तिच्याजवळ राहीन, तवाच."

"राहीन," दादा म्हने. आवाज एवढासा.

पाहुने गेले. दादानं नवा फेटा काढून ठेवला, टोपलं घेतलं अन् कुलसुमबीच्या आंगनात गेला. मी बंडी जुंपतो म्हटलं त म्हने, "राहू दे, मीच आनतो." उकिरडा गेला तवा वैनी रडली नव्हती. दादा डोक्यावर टोपलं घेऊन येतानी दिसला अन् तिले रडू फुटलं. खोटं काहून बोलू, मलेबी फुटलं.

दादा सांदवाडीत येऊन उभा राहिला. टोपलं कुठी उतरवाचं ते त्याले समजेना.

"इथंच होता ना?" त्यानं विचारलं.

"नाई जी," वैनी डोळे पुसत म्हने, "तिकडे, कोपऱ्यात."